चाळीसच्या स्पीडने मीरा-भाईंदर

गाडीने ऐन घाटात ‘लिंप मोड’ नावाचं दुखणं काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी माझं स्वतःचं शहर सावकाश पाहिलं. त्या नऊ दिवसांची ही गोष्ट. थोडी गाडीची, थोडी गावाची आणि बरीचशी एका वायरची!

मंगळवार, दुपारचे साडेतीन. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा घाट. मागे एक अवाढव्य ट्रेलर, पुढे चढ, शेजारच्या सीटवर गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाचव्या दिवशी ठाण्याहून घरी निघालेली आई. आणि माझ्या पायाखालचा ॲक्सिलरेटर... मेलेला!

म्हणजे गाडी बंद पडली नाही हं. हीच तर गंमत. एक बारीकसा झटका बसला, डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीवच गेला. पाय पार खाली दाबला तरी काटा अडीच हजार आरपीएमच्या पुढे सरकायला तयार नाही. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मागचा ट्रेलरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. आईने एका हाताने दरवाज्यावरचं हँडल धरलं, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, ‘‘काय गं, पेट्रोल संपलं का?’’

गाडी डिझेलची आहे. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

कसाबसा घाट चढून उतरलो. काजूपाडा गेला, चेना गाव गेलं. घोडबंदर गावाच्या फाट्याशी मी गाडी डावीकडे घेतली, बंद केली, दोन मिनिटं थांबून पुन्हा सुरू केली. आणि काय आश्चर्य, गाडी एकदम टकाटक! मी देवाचे आभार मानेपर्यंत फाउंटन हॉटेलच्या चौकातला छोटासा चढ आला आणि पुन्हा तोच झटका, तोच पिवळा दिवा. मग मात्र मी नाद सोडला. काशीमिऱ्यापर्यंत आणि तिथून मीरा रोडच्या आमच्या सोसायटीपर्यंत, अगदी डाव्या लेनने, चाळीसच्या स्पीडने, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात आम्ही पोचलो.

लिंप मोड म्हणजे काय रे भाऊ?

तर मंडळी, या प्रकाराला म्हणतात लिंप मोड. लिंप म्हणजे लंगडणं. आजकालच्या गाडीत तुमचा पाय आणि इंजिन यांचा थेट संबंध उरलेला नाही. पूर्वी ॲक्सिलरेटरची एक केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची. आता पेडलमागे एक सेन्सर असतो. तो ‘बाईंनी पाय इतका दाबला’ असं व्होल्टेजच्या भाषेत इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला कळवतो. दुसरा सेन्सर टर्बोच्या हवेचा दाब कळवतो, तिसरा आणखी काही. या सगळ्यांचं ऐकून ईसीयू ठरवतो की डिझेल किती सोडायचं.

आता यातलाच कुणी खोटं बोलायला लागला तर? समजा, पाय नुसता टेकवलाय आणि सेन्सर सांगतोय ‘फुल!’ गाडी समोरच्या दुकानात घुसेल. म्हणून पेडलमध्ये एकाऐवजी दोन सेन्सर असतात आणि बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण दुप्पट ठेवलेला असतो. दोघांचं गणित जुळलं नाही की ईसीयू म्हणतो, ‘मला कुणावरच विश्वास नाही. मी ताकद कमी करतो, टर्बो आवरतो. तुम्ही हळूहळू घरी जा.’ म्हणजे लिंप मोड हा खरं तर आजार नाहीच, ती गाडीने स्वतःच स्वतःला लावलेली बेडरेस्ट आहे. फक्त ती घाटाच्या मध्यावर लावू नये, एवढीच माझी तक्रार!

गंमत म्हणजे त्या फाट्याशी थांबले तेव्हा मी घोडबंदर किल्ल्याकडे जाणारा रस्ता पहिल्यांदाच नीट पाहिला. मीरा रोडला वाढलेली मुलगी, शेकडो वेळा इथून गेलेली, पण कायम ऐंशीच्या स्पीडने. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला, तो चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या खाडीकाठी अरबी घोडे उतरायचे, त्यांचा व्यापार चालायचा, म्हणून हे घोड्यांचं बंदर, असं सांगतात. म्हणजे जिथे शेकडो घोडे तरातरा उतरायचे, तिथेच माझ्या गाडीचे पंचाहत्तर घोडे बसकण मारून बसले होते!

बहात्तर हजारांचं एस्टिमेट

प्रॉब्लेम असा होता की आईच्या टाक्यांच्या पिना काढायला पुढच्या गुरुवारी पुन्हा ठाण्यालाच जायचं होतं. नऊ दिवस हातात. तुम्ही म्हणाल, कॅब आहेत की! आहेत ना. पण नवीन गुडघ्याचा पाय लांब पसरून बसायचं, तर आमच्याच गाडीची पुढची सीट शेवटपर्यंत मागे जाते. शिवाय घोडबंदर रोडचं नाव ऐकून तीन कॅबवाल्यांनी त्या आठवड्यात राइड कॅन्सल केली होती.

गाडी दोन हजार चौदाची, सेकंडहँड. बाबांनी रिटायर झाल्यावर फंडातून पैसे दिले होते, उरलेले मी लेख लिहून लिहून फेडले. फ्रीलान्सरची गाडी म्हणजे काय असतं ते फ्रीलान्सरलाच विचारा. गेल्या वर्षीच्या तीन लेखांचे पैसे तिच्या टायरमध्ये आहेत.

बुधवारी एका चकचकीत वर्कशॉपला फोन केला. दहिसर नाक्याच्या पलीकडे, एसीवाली वेटिंग रूम, कॉफी मशीन वगैरे. (छोट्या गाड्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून नाक्यावरचा टोल माफ झालाय, तेवढंच सुख.) गाडी त्यांनी ठेवून घेतली, स्कॅनर लावला आणि शुक्रवारी एस्टिमेट व्हॉट्सॲपवर आलं. ॲक्सिलरेटर पेडल असेंब्ली, बूस्ट प्रेशर सेन्सर, ईजीआर व्हॉल्व्ह, एसीचा प्रेशर सेन्सर, लेबर, टॅक्स. एकूण बहात्तर हजार चारशे! आणि खाली एक ओळ: एवढं करूनही दिवा गेला नाही तर ईसीयू बघावा लागेल, त्याचं एस्टिमेट वेगळं.

मी विचारलं, ‘‘चार-चार सेन्सर एकाच दिवशी, एकाच मिनिटाला कसे जातील?’’

‘‘मॅडम, कॉम्प्युटरवर आलंय,’’ पलीकडून उत्तर आलं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, ‘‘एफडी मोडू या.’’ ती एफडी म्हणजे त्यांच्या आणि आईच्या दुखण्याखुपण्याची शिल्लक. निम्मी तर गुडघ्यातच गेली होती. मी ठाम नाही म्हटलं आणि रात्री गुपचूप गाडी विकायच्या ॲपवर फोटो टाकले. सकाळी एका डीलरचा फोन. दिवा लागतो म्हटल्यावर त्याने नव्वद हजार सांगितले. ‘‘रविवारी संध्याकाळी येतो, कॅश देतो.’’

म्हणजे माझ्याकडे दोन दिवस होते.

उस्तादांची शाळा

शनिवारी सकाळी वर्कशॉपमधून गाडी तशीच, लंगडी, बाहेर काढली. पण त्याआधी एक शहाणपणा केला. ऑनलाइन मागवलेला एक छोटासा ब्लूटूथ डोंगल स्टिअरिंगच्या खालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचला. अमेरिकेत हे सॉकेट १९९६ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ ची सक्ती आली ती २०१३ च्या एप्रिलपासून. मोबाइलवर ॲप उघडलं आणि गाडीने भडाभडा मनातलं सांगून टाकलं. पाच कोड! एकही न पुसता मी त्यांचा स्क्रीनशॉट घेतला.

काशीमिऱ्याच्या हायवेला ट्रकवाल्यांची दुनिया आहे. अहमदाबादहून आलेला माल, जेएनपीटीकडे निघालेले कंटेनर, पंक्चरवाले, कमानपाटेवाले, चहाच्या टपऱ्या. वसईच्या खाडीवर २०२३ साली वर्सोव्याचा नवा पूल खुला झाला तरी इथली गर्दी काही ओसरली नाही. आमच्या रिक्षावाल्या शेजाऱ्याने इथल्या एका म्हाताऱ्या उस्तादांचं नाव सांगितलं होतं. पांढरी दाढी, कानाला लावलेली पेन्सिल, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी बॉनेट उघडलं, टर्बोच्या होजवरून हात फिरवला, कुठे तेल गळतंय का पाहिलं, क्लॅम्प ओढून पाहिला. इंजिन रेस केलं, कान देऊन ऐकलं. मग बॉनेट बंद केलं.

‘‘बेटी, इंजिन तंदुरुस्त है. ये बीमारी मेरे पाने की नहीं, बिजलीवाले की है. पैसे नहीं चाहिए.’’

पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. आणि भाईंदर ईस्टला नवघरच्या बाजूला एका गाळ्यात जायला सांगितलं. ‘‘लेकिन कोड मिटाना मत. डॉक्टर के पास जाने से पहले कोई रिपोर्ट फाडता है क्या?’’

मास कॉमच्या दोन वर्षांत एवढं सोपं करून मला कुणी काही शिकवलं नव्हतं!

पाच साक्षीदार, एकच खबर

भाईंदर ईस्टचा तो भाग तुम्ही पाहिलाय का? तुमच्या घरातला स्टीलचा डबा किंवा वाटी इथून आलेली असू शकते. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, म्हणजे खरं तर गाळेच, एकाला एक चिकटून. आत प्रेस मशीन धाडधाड पत्रा दाबतंय, बाहेर हातगाडीवर चकचकीत पातेल्यांचे मनोरे. त्या आवाजात, एका अरुंद गाळ्यात आमचे वायरमन दादा. वय चाळिशीच्या आत, आयटीआय केलेले, बोलणं कमी. भिंतीवर रंगीबेरंगी वायरींची भेंडोळी आणि टेबलावर एक मल्टिमीटर.

‘‘दादा, हे पाच कोड,’’ मी मोबाइल पुढे केला.

त्यांनी शांतपणे वाचले. पी२१३८, पेडलच्या दोन सेन्सरचं गणित जुळत नाही. पी०२३७, बूस्ट सेन्सर लो. पी०४०५, ईजीआरचा सेन्सर लो. पी०५३२, एसीचा प्रेशर सेन्सर लो. आणि शेवटचा पी०६४२.

‘‘ताई, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग सांगा. पाच पेपरांत एकच चुकीची बातमी एकाच दिवशी आली, तर तुम्ही काय समजाल?’’

‘‘पाचही जणांनी एकाच एजन्सीची कॉपी उचलली!’’

‘‘मग एजन्सीला धरायचं का पाच पेपर बंद करायचे?’’

मी बघतच राहिले. पी०६४२ म्हणजे सेन्सरना पुरवल्या जाणाऱ्या पाच व्होल्टचा पुरवठा कमी. वर्कशॉपच्या एस्टिमेटमध्ये या कोडचा उल्लेखच नव्हता, कारण त्याच्या नावाचा कुठला पार्ट विकत मिळत नाही!

दादांनी समजावलं ते असं. बॅटरी बारा व्होल्टची, पण असे सेन्सर चालतात पाच व्होल्टवर. हे पाच व्होल्ट ईसीयू स्वतः बनवतो आणि एकाच तारेवरून चार-पाच सेन्सरना वाटून देतो. सोसायटीच्या टाकीतून निघालेला एक पाइप आणि त्यावर पाच घरांचे नळ, असं समजा. पाइप फुटला तर पाचही घरांत पाणी येत नाही. अशा वेळी पाचही घरांचे नळ बदलून उपयोग काय? कोड सांगतो की ‘या सर्किटमध्ये गडबड आहे’. ‘हा पार्ट बदला’ असं कोड कधीच सांगत नाही, ते आपण आपल्या मनाचं ऐकतो.

मग काम सुरू झालं. इग्निशन ऑन, इंजिन बंद. बूस्ट सेन्सरचा तीन पिनांचा कनेक्टर. एक पाच व्होल्टची, एक अर्थ, एक सिग्नलची. कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकवून त्यांनी मीटर लावला. ४.९८ व्होल्ट.

‘‘बरोबर आहे की!’’ मी हिरमुसले.

‘‘उभ्या गाडीत सगळेच शहाणे. दिवा कधी लागतो तुमचा?’’

‘‘चढावर.’’

‘‘चढावर इंजिन काय करतं? जोर लावतं. जोर लावला की आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला कलतं. आणि इंजिन कललं की त्याच्याबरोबर वायरिंग ओढलं जातं.’’

त्यांनी मला गाडीत बसवलं. बोनेटच्या समोरून सगळ्यांना हटवलं. इंजिन सुरू, हँडब्रेक वर, ब्रेकवर पाय घट्ट, पहिला गिअर, क्लच अगदी केसभर सोडायचा. इंजिनने अंग टाकलं आणि मीटरवरचा आकडा ४.९८ वरून धाडकन ०.७ वर आला. पिवळा दिवा पेटला. गायमुखचा घाट भाईंदरच्या गाळ्यात अवतरला!

आता प्रश्न एवढाच की पुरवठा खातंय कोण? एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला असेल, तर त्याचा कनेक्टर काढला की बाकीच्यांचा व्होल्टेज जागेवर राहायला हवा. दादांनी बूस्ट सेन्सर काढून ठेवला, मीटर कनेक्टरवर तसाच. पुन्हा क्लचचा खेळ. आकडा पडला. म्हणजे तो निर्दोष. ईजीआरचा काढला. पडला. एसीचा काढला. पडला. पेडलचा काढला. तरीही पडला. बहात्तर हजारांचे चारही आरोपी एका तासात सुटले!

उरली फक्त वायर. इंजिन बंद करून, इग्निशन ऑन ठेवून दादा वायरिंगच्या जाडजूड वेणीवरून बोटं फिरवायला लागले. वीतभर हलवायची, मीटर बघायचा. पुन्हा वीतभर. आम्ही दोघं आणि एव्हाना जमलेली शेजारच्या गाळ्यातली तीन पोरं श्वास रोखून. डाव्या हेडलाइटच्या मागे वेणी दाबली आणि मीटरवर शून्य.

‘‘बंपर कधी काढला होता?’’

मला आठवलं. गेल्या पावसाळ्यात, सिल्व्हर पार्कच्या जवळ, पाण्याखाली न दिसलेला खड्डा. बंपर फाटला होता, एका ठिकाणी बदलून घेतला. तेव्हा वायरिंगला पकडून ठेवणाऱ्या दोन प्लॅस्टिकच्या क्लिपा परत लावायच्याच राहिल्या होत्या. सुटी वेणी लोखंडी ब्रॅकेटवर सात-आठ महिने घासत होती. प्लॅस्टिक झिजलं, आतलं तांबं उघडं पडलं, आणि खाडीच्या खाऱ्या दमट हवेत ते चक्क हिरवं झालं होतं. इंजिन कललं की ती उघडी तार ब्रॅकेटला टेकायची, पाच व्होल्ट सरळ बॉडीत उतरायचे आणि पाचही साक्षीदार एकदम मूग गिळून बसायचे.

खराब तुकडा कापला, नवी वायर सोल्डर केली, वरून स्लीव्ह चढवून गरम केली, पन्हाळीचा पाइप घातला, दोन नव्या क्लिपा लावल्या. कोड पुसले. बिल? सोळाशे रुपये. त्यात क्लिपा वीस रुपयांच्या.

चढ पाहिजे!

‘‘पैसे उद्या द्या,’’ दादा म्हणाले. ‘‘आधी चढ पाहिजे. तीन माणसं आणि एसी चालू ठेवून.’’

आता मीरा-भाईंदरमध्ये चढ कुठून आणायचा? आमचं शहर म्हणजे मीठागरं आणि खाजण जमिनीवर उभं राहिलेलं, ताटासारखं सपाट. १९९१ च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख माणसं होती, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. त्या गर्दीतलेच आम्ही. बाबा १९९६ साली गिरगावातली पागडीची खोली सोडून इथे आले. २६ जुलै २००५ ला आमच्या बिल्डिंगचा तळमजला पाण्यात होता आणि बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी अंधेरीहून रुळांवरून चालत घरी पोचले होते. मोठी झाल्यावर मात्र मला या शहराची थोडी लाजच वाटायची. ‘कुठे राहतेस?’ विचारलं की मी ‘बोरिवलीच्या पुढे’ म्हणायचे.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. दादा मागे, बाबा माझ्या शेजारी, मोबाइल बाबांच्या हातात. भाईंदर वेस्टवरून मुर्धा, राई, मोर्वा. ही नावं तुम्ही बसच्या पाटीवर वाचली असतील, पण कधी गेला आहात? टॉवर मागे पडतात आणि पाच मिनिटांत कौलारू घरं, अंगणातली तुळस, दारात क्रूस असलेले बंगले, मीठागरांचे चौकोन, त्यांत उभे असलेले बगळे. मग डोंगरीची चढण सुरू होते. उजवीकडे झाडी, मध्येच खाली लकाकणारी खाडी.

‘‘द्या आता पाय,’’ मागून ऑर्डर आली.

मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. बाबा लॉटरीचा निकाल वाचावा तसे आकडे वाचायला लागले. ‘‘शंभर... एकशे वीस... एकशे साठ... एकशे नव्वद!’’ टर्बो भरत होता. हवेचा दाब दुपटीपर्यंत चढला, पाच व्होल्ट जागेवर राहिले आणि पिवळा दिवा लागला नाही. वर पोचेपर्यंत कुणी बोललं नाही. मग बाबाच म्हणाले, ‘‘पुन्हा एकदा करू या का?’’

आम्ही तीनदा चढलो-उतरलो. चौथ्यांदा सरळ उत्तनच्या किनाऱ्यावर गेलो. बांबूंच्या परातींवर, म्हणजे तिथल्या वलांडींवर, बोंबील वाळत टाकलेले. किनाऱ्याला रंगीत होड्या, त्यांच्यावर झेंडे. जाळी सांधत बसलेल्या एका कोळी काकांनी दादांना लांबूनच हात केला. दादा होड्यांच्या वायरिंगचीही कामं करतात म्हणे. ‘‘समुद्रावर वायर गेली तर लिंप मोड नसतो ताई. तिथे परत यायचंच असतं. म्हणून मी आधी तारा बघतो, पार्ट नंतर.’’

त्या एका वाक्यात मला सोळाशे रुपये फारच कमी वाटले. मी दोन हजार दिले, त्यांनी चारशे परत केले.

संध्याकाळी डीलरचा फोन आला. ‘‘मॅडम, कॅश घेऊन निघू का?’’ मी म्हटलं, ‘‘सॉरी बॉस, गाडी विकायची नाही.’’ तो लगेच एक लाख साठवर आला. म्हणजे दोन प्लॅस्टिकच्या क्लिपांची किंमत एका दिवसात सत्तर हजारांनी वाढली होती!

घाट कधी गेला?

गुरुवार उजाडला. आईला पुढच्या सीटवर बसवलं, पाय लांब केला, गुडघ्याखाली उशी. काशीमिरा, फाउंटन, चेना, काजूपाडा. गायमुखचा चढ दिसला तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला. मागे पुन्हा एक ट्रेलर होताच. तो कदाचित दुसरा असेल, पण मला तोच वाटला. पाय दाबला. गाडीने हूं म्हटलं आणि निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. ट्रेलर आरशात लहान लहान होत गेला.

मी शेजारी पाहिलं. आई डोळे मिटून होती. पलीकडे उतरल्यावर तिने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘‘घाट आला की सांग हं, मी हँडल धरते.’’

‘‘घाट मागे गेला, आई.’’

‘‘कधी?’’

परवा एका पार्टीत कुणीतरी विचारलं, कुठे राहतेस. ‘मीरा रोड’ म्हटलं. पुढे काही जोडलं नाही.

चौकट : पिवळा दिवा लागला तर...

● घाबरू नका, पार्किंग लाइट लावून डावीकडे या. पण तेलाच्या कॅनचा लाल दिवा किंवा तापमानाचा दिवा लागला, तर तो लिंप मोड समजू नका. इंजिन ताबडतोब बंद करा, पुढे चालवू नका. पेट्रोल गाडीत इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तरी थांबा.

● गाडी बंद करून सुरू केली की ताकद परत येते, पण तो उपाय नव्हे. तेवढ्यात सुरक्षित जागी पोचा.

● कोड पुसू देऊ नका. आधी फोटो काढा. कोड आला त्या क्षणी स्पीड, आरपीएम किती होते याची नोंदही बऱ्याच गाड्यांत असते, तीही बघायला सांगा.

● एकच कोड असेल तर त्या सेन्सरचा कनेक्टर आणि वायर आधी तपासा. चार-पाच सेन्सर एकदम ‘गेले’ असतील तर बॅटरी, अर्थ आणि पाच व्होल्टचा पुरवठा तपासल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

● मेकॅनिकला ‘काय बिघडलंय?’ एवढंच विचारू नका. ‘तुम्ही मोजून पाहिलंत का?’ हेही विचारा.

● दिवा नेमका कधी लागतो ते लिहून ठेवा. चढावर, पावसात, एसी लावल्यावर, की वळणावर? निम्मं निदान तिथेच असतं.

● पाण्यातून गाडी गेली, उंदरांनी धुमाकूळ घातला किंवा बंपर काढून बसवला, तर वायरिंगच्या क्लिपा जागेवर आहेत का ते स्वतः वाकून बघा. वीस रुपयांचा मामला आहे!